ॲसिडने घासलेली बाथरूमची फरशी पंधरा दिवसांत पुन्हा डागाळते: कारण आणि उपाय

शॉवरखालची दोन-तीन फुटांची जागा पिवळट-पांढरी होते, सांधे काळे पडतात. बाजारातलं ॲसिड (हायड्रोक्लोरिक) टाकून घासलं की दोन-चार दिवस फरशी लख्ख दिसते आणि पंधरा दिवसांत पहिल्यासारखी. पुढच्या वेळी ॲसिड जास्त, घासणी आणखी कडक, आणि डाग आठच दिवसांत हजर. घरात कुणी आळस करतंय म्हणून असं होत नाही. चुकतो तो उपाय.

ज्याला आपण ‘डाग’ म्हणतो तो बहुतेक वेळा एकावर एक बसलेले तीन थर असतात: पाण्यातला क्षार, साबणाचा मेणचट थर आणि त्यावर पोसलेली बुरशी. तिन्ही वेगवेगळ्या गोष्टींनी निघतात. ॲसिडने फक्त क्षार विरघळतो, आणि सांध्यांमधलं सिमेंटही विरघळतं. दर महिन्याला ॲसिड खाल्लेला सांधा स्पंजसारखा सच्छिद्र होतो, मॅट टाइल आणखी खरखरीत होते आणि नव्या मळाला बसायला हक्काची जागा मिळते. म्हणून दर धुण्यानंतर डाग आधीपेक्षा लवकर परततात.

आधी डाग कोणता ते ओळखा

फरशी रात्रभर कोरडी राहू द्या आणि सकाळी पहिल्या अंघोळीच्या आधी, भरपूर उजेडात पाहा. ओल्या फरशीवर क्षार दिसतच नाही, कारण पाण्याखाली तो पारदर्शक होतो. धुतल्यावर स्वच्छ वाटलेली फरशी वाळली की पुन्हा पांढरी दिसते, त्यामागे हेच आहे.

जुनं एटीएम कार्ड तिरकं धरून टाइलच्या मधोमध खरवडा. कार्डाच्या कडेला करडा, मेणासारखा, बोटांत चोळल्यावर चिकट लागणारा मळ आला तर तो साबणाचा थर. कार्ड नुसतंच घसरलं किंवा कोरडी पांढरी भुकटी निघाली तर क्षार. खात्रीसाठी त्याच जागी व्हिनेगरचा थेंब टाका, बारीक बुडबुडे आले की क्षारच. हा थेंब टाइलवर टाकायचा, सांध्यावर नाही. सिमेंटच्या सांध्यावर व्हिनेगर फसफसतंच, त्यावरून काही कळत नाही.

सांध्यांत, कोपऱ्यांत आणि कडेच्या सिलिकॉनवर काळे ठिपके असतील तर त्यावर कापसाने पातळ ब्लीचचा थेंब लावून दहा मिनिटं थांबा. ठिपका फिका झाला तर बुरशी. जराही बदल नसेल तर सांध्यात मुरलेला मळ किंवा गंज आहे.

नारिंगी-तपकिरी रंग दोन प्रकारे दिसतो. पाणी पडतं त्या सगळ्या पट्ट्यात सारखा पिवळट-तांबूस रंग असेल तर पाण्यातच लोह आहे. नेमका गोल किंवा जाळीभोवतीच असेल तर वस्तूचा गंज: शेव्हिंग फोमचा पत्र्याचा डबा, हलक्या प्रतीच्या स्टीलची जाळी, आणि फार वेळा तारेची घासणी. तारेच्या घासणीचे केसाएवढे तुकडे मॅट टाइलच्या खळग्यांत अडकतात आणि दोन दिवसांनी तिथे गंजाचे टिपके उमटतात. ही घासणी बाथरूममध्ये न्यायचीच नाही.

गुलाबी, बुळबुळीत पातळ थर दिसला तर तो पाण्यातला रंग नाही आणि गंजही नाही. साबण-तेलाच्या अंशावर वाढणारे जिवाणू आहेत ते. हाताने पुसला जातो, पण हवेतून पुन्हा येतो. ओलावा आणि साबणाचा थर हटला की तोही थांबतो.

एक शेवटची चाचणी, आणि ही सगळे विसरतात. स्वच्छ, कोरड्या टाइलवर पाण्याचा मोठा थेंब ठेवा आणि दहा मिनिटांनी पुसा. खाली गडद ओला ठसा राहिला तर टाइल पाणी पिते आहे, म्हणजे वरचं ग्लेझ (टाइलवरचा काचेसारखा थर) झिजलंय किंवा त्याला केसासारख्या भेगा पडल्यात. अशा टाइलमधला डाग आत गेलेला असतो. तो घासून निघणार नाही.

क्षार येतो कुठून आणि किती

महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसॉल्टच्या खडकावर आहे आणि बोअरवेलचं पाणी पुष्कळ ठिकाणी जड असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००:२०१२) कठीणपणाची (म्हणजे पाणी जड करणाऱ्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांची) इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. मराठवाड्यात किंवा पुण्याच्या नव्या उपनगरांत उन्हाळ्यात बोअरच्या पाण्याचा टँकर सुरू झाला की त्याच फरशीवर महिन्याभरात पांढरा थर चढतो, तो या फरकामुळे. कोकणात जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुतेक ठिकाणी मृदू असतं. तिथे पांढऱ्या डागांचा त्रास कमी, पण पावसाळ्यातली दमट हवा आणि त्यामुळे बुरशी जास्त.

ढोबळ हिशेब करून पाहा. पाणी ६०० मिलिग्रॅम कठीणपणाचं आहे आणि प्रत्येक अंघोळीनंतर फरशीवर २०० मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक मोठा कप पाणी राहतं आणि तिथेच वाळतं. मागे उरणारा क्षार साधारण ०.१२ ग्रॅम. चार माणसांच्या घरात दिवसाला अर्धा ग्रॅम, वर्षाला पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. वाहून गेलेलं पाणी डाग ठेवत नाही. वाळलेलं पाणीच ठेवतं.

जड पाण्यात साबण लावला की त्यातली स्निग्धाम्लं कॅल्शियमशी जोडली जाऊन न विरघळणारा चोथा तयार होतो. बादलीच्या कडेला बसतो तोच हा मेणचट थर. दिवाळीतल्या अभ्यंगस्नानानंतर फरशी आठवडाभर निसरडी राहते, कारण तेल आणि उटण्यातलं पीठही याच थरात कालवलं जातं.

टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो विरघळलेले सगळे क्षार मोजतो, कठीणपणा वेगळा दाखवत नाही. घरची चाचणी सोपी आहे. अर्ध्या भरलेल्या पारदर्शक बाटलीत साध्या अंगाच्या साबणाचा नखाएवढा तुकडा विरघळवून जोरात हलवा. फेस कमी आणि पाणी दुधाळ झालं तर पाणी जड.

काम सुरू करण्याआधी

ॲसिड आणि ब्लीच एकत्र येता कामा नयेत. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, आणि आपल्या बाथरूमची खिडकी दीड फुटाची असते. बाजारातलं टॉयलेट क्लीनर बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिडचंच असतं. त्यावर ‘जरा जास्त साफ व्हावं’ म्हणून ब्लीचिंग पावडर भुरभुरवणं हा या कामातला सर्वांत मोठा धोका आहे. लिंबू सत्त्व आणि व्हिनेगर हीसुद्धा ॲसिडंच, त्यांनाही हाच नियम. म्हणून खालच्या पद्धतीत ॲसिडचा आणि ब्लीचचा दिवस वेगळा ठेवला आहे. घाई असली तरी तो वेगळाच ठेवा. डोळे चुरचुरले, खोकला आला तर पाणी टाकायच्याही भानगडीत न पडता आधी बाहेर पडा, दार उघडं ठेवा आणि मोकळ्या हवेत थांबा.

रबरी हातमोजे, बंद किंवा रबरी चप्पल, शक्य तर चष्मा. खिडकी आणि दार उघडं, एक्झॉस्ट पंखा चालू. नळ आणि शॉवरच्या क्रोमवर ॲसिड उडू देऊ नका. उग्र ॲसिडच्या नुसत्या वाफेनेही क्रोम काळवंडतं आणि स्टीलच्या जाळीला खड्डे पडतात.

फरशी कशाची आहे तेही आधी पाहा. शहाबादी, कोटा, कडप्पा आणि संगमरवर हे सगळे चुनखडीच्या कुळातले दगड. जुन्या वाड्यातल्या मोरीपासून आजच्या फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीपर्यंत ते आढळतात. यांच्यावर कुठलंही ॲसिड चालत नाही, लिंबूसुद्धा नाही. क्षारासोबत दगडही विरघळतो आणि फिका, खरबरीत चट्टा कायमचा राहतो. शंका असेल तर कोपऱ्यात लिंबाचा थेंब दोन मिनिटं ठेवून पुसा. चकाकी गेली तर पुढची ॲसिडची पायरी तुमच्यासाठी नाही. दगडासाठी सोड्याची पायरी करा, क्षाराचा जाड थर प्लास्टिकच्या पट्टीने हलक्या हाताने खरवडा आणि तरी फरक पडला नाही तर फरशी पॉलिश करणाऱ्याला बोलवा.

पहिला दिवस: आधी मेण, मग क्षार

लोक इथेच चुकतात. क्षारावर मेणचट थर असेल तर ॲसिड क्षारापर्यंत पोचत नाही, वरच्या वर वाहून जातं. मग ॲसिड कमी पडलं असं वाटतं आणि मात्रा वाढते. आधी सोडा, मग ॲसिड, हा क्रम ठेवला तर साध्या लिंबू सत्त्वानेही काम होतं. खालचं प्रमाण तीन बाय तीन फुटांच्या जागेसाठी आहे.

१. जाळी काढा. नहाणी ट्रॅपमधले केस आणि साबणाचा गोळा काढून टाका. धुतलेलं पाणी तुंबलं तर काढलेला मळ पुन्हा फरशीवरच बसतो.

२. दोन लिटर गरम पाण्यात (हात बुडवता येणार नाही इतकं गरम, पण उकळतं नाही) धुण्याचा सोडा चार मोठे चमचे, साधारण ६० ग्रॅम, आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक चमचा घाला. धुण्याचा सोडा, खाण्याचा नव्हे. खाण्याचा सोडा या कामाला फार सौम्य पडतो.

३. हे पाणी फरशीवर पसरून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. वाळायला लागलं तर आणखी शिंपडा. मग जाड नायलॉनच्या ब्रशने गोल-गोल घासा. मॅट, न घसरणाऱ्या टाइलला बारीक खळगे असतात, त्यांत स्पंज किंवा कापड पोचत नाही. सांध्यांसाठी जुना टूथब्रश.

४. दोन बादल्या पाण्याने धुवा आणि हात फिरवून पाहा. बोट अजून घसरत असेल तर हीच पायरी पुन्हा करा. फरशी बोटाला ‘करकर’ लागली पाहिजे. तोवर ॲसिडकडे वळू नका.

५. आता लिंबू सत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड. किराणा किंवा केमिकलच्या दुकानात सुटं मिळतं. एक लिटर कोमट पाण्यात १०० ग्रॅम. टाकण्याआधी सांधे साध्या पाण्याने चांगले भिजवा. सांध्याची छिद्रं पाण्याने भरलेली असली की ॲसिड आत कमी शिरतं. एवढ्या एका गोष्टीने सांध्यांचं निम्मं नुकसान टळतं.

६. फरशीवर जुनं सुती कापड पसरून त्यावर द्रावण ओता. कापड द्रावण धरून ठेवतं, नाहीतर ते उतारावरून सरळ जाळीत जातं. दहा ते पंधरा मिनिटं ठेवा. वाळू द्यायचं नाही. वाळलं तर कॅल्शियम सायट्रेटचा नवा पांढरा थर बसतो आणि ‘लिंबू सत्त्वाने डाग वाढले’ अशी ओरड होते. उकळतं पाणी वापरल्यानेही हाच त्रास होतो.

७. कापड उचला, ब्रशने घासा, प्लास्टिकच्या पट्टीने जाड थर खरवडा आणि भरपूर पाण्याने धुवा. शेवटच्या बादलीत धुण्याचा सोडा एक चमचा टाकून ते पाणी सांध्यांवरून फिरवा, म्हणजे आत राहिलेलं ॲसिड संपेल. मग पुन्हा साधं पाणी.

थर जाड असेल तर एकदा करून भागत नाही, आणि त्यात चूक काही नाही. १०० ग्रॅम लिंबू सत्त्व जास्तीत जास्त ७० ते ७५ ग्रॅम क्षार विरघळवू शकतं. बुडबुडे थांबले म्हणजे ॲसिडचा जोर संपला, डाग गेलाच असं नाही. जुनं द्रावण धुऊन नवीन टाका. अर्धा तास जास्त ठेवून काही मिळत नाही. व्हिनेगर चालतं, पण त्यात साधारण चार-पाच टक्केच ॲसिड असतं. नळाच्या तोंडाला बरं, फरशीसाठी महागही आणि मंदही.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून टाकायची रीत इंटरनेटवर फार चालते. फेस बघायला छान असतो, पण दोघं एकमेकांना निकामी करतात आणि उरतं ते जवळजवळ खारं पाणी. सोडा आधी आणि ॲसिड नंतर, मध्ये धुऊन, असं केलं तर दोन्हींचा उपयोग होतो.

हायड्रोक्लोरिक ॲसिड अगदी कधीच नको का? फ्लॅटचा ताबा मिळाल्यावर टाइलवर बसलेला सिमेंटचा करडा पापुद्रा सल्फॅमिक ॲसिडच्या क्लीनरने निघतो. त्यानेही निघाला नाही तर पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक एकदाच, सांधे भिजवून, दोन-तीन मिनिटांपुरतं. दरमहा फरशी धुण्यासाठी मात्र ते अजिबात नको. दारावर येणाऱ्या बिनलेबलच्या बाटलीतलं ॲसिड किती तीव्र आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

दुसरा दिवस: काळे सांधे

आदल्या दिवशीची फरशी नीट धुतलेली आणि वाळलेली असली पाहिजे. ब्लीच दोन प्रकारे करता येतं. बाजारातलं सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण चार-पाच टक्क्यांचं असेल तर एक भाग द्रावण, चार भाग पाणी. ब्लीचिंग पावडर असेल तर एक मोठा चमचा, साधारण १५ ग्रॅम, अर्धा लिटर पाण्यात घोळून अर्धा तास ठेवा आणि वरचं निवळ पाणीच वापरा. खालचा गाळ चुन्याचा असतो, तो सांध्यात गेला की पुन्हा पांढरे डाग. पावडर जुनी, उघड्या पिशवीतली असेल तर तिचा जोर गेलेला असतो. डब्याला क्लोरीनचा तिखट वास येत नसेल तर नवीन आणा.

नुसतं ओतलं तर ब्लीच वाहून जातं. टिश्यू पेपरच्या वाती वळून सांध्यांवर ठेवा आणि त्या ब्लीचने भिजवा. वीस ते तीस मिनिटांनी काढून टूथब्रशने घासा आणि धुवा. साबणाचा थर आधी निघालेला असेल तर एकाच फेरीत सांधे उजळतात. तो निघाला नसेल तर ब्लीच मळावरच खर्च होतं, आणि महिन्याने बुरशी परत.

सिलिकॉनच्या पट्टीतले काळे ठिपके मात्र बहुधा जात नाहीत. बुरशी पट्टीच्या आत आणि मागे वाढलेली असते. अशी पट्टी कटरने कापून काढा, जागा ब्लीचने पुसून दोन दिवस वाळवा आणि बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन नव्याने भरा. चोवीस तास पाणी नको. जुन्या पट्टीवरच नवी फिरवू नका, सिलिकॉनला सिलिकॉन नीट चिकटत नाही.

गंजाचे डाग

गंजावर ब्लीच टाकलं तर डाग आणखी पक्का होतो, कारण ब्लीच लोहाचं ऑक्सिडीकरण पुढे नेतं. बोअरच्या लोहयुक्त पाण्याने पिवळी झालेली फरशी ब्लीचने पांढरी करायला गेलं की ती तपकिरी होते, ती यामुळेच. इथे ऑक्झॅलिक ॲसिड लागतं, रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात पावडर मिळते. २०० मिलिलिटर कोमट पाण्यात १० ग्रॅम. कापसाचा पातळ थर डागावर ठेवून भिजवा, पंधरा मिनिटांनी काढून भरपूर पाण्याने धुवा. सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड टाइलला चालतं, वर सांगितलेल्या दगडांना नको. ही पावडर विषारी आहे आणि दिसायला साखर-मिठासारखी. स्वयंपाकघरात किंवा रिकाम्या मसाल्याच्या डब्यात ठेवू नका, डब्यावर ठळक नाव लिहा. हातमोज्यांशिवाय हात लावू नका.

गंज काढायची काही औषधं हायड्रोफ्लोरिक ॲसिडची असतात. लेबलवर ते नाव दिसलं तर घरात आणू नका. ते टाइलचं ग्लेझ खातं आणि त्वचेतून आत जाऊन फार गंभीर इजा करतं.

पांढरी भुकटी एकाच सांध्यातून परत परत येत असेल तर

हा प्रकार वेगळा आहे आणि घासण्याने सुटत नाही. बाकी फरशी स्वच्छ, पण एका-दोन सांध्यांतून पांढरी, कापसासारखी भुकटी उगवते. आठवडाभर बाथरूम वापरलं नाही तरी उगवते. टाइलखाली पाणी साठलंय आणि ते वर येताना सिमेंटमधला चुना घेऊन येतंय, असा याचा अर्थ. नाण्याने टाइल ठोकून पाहा. भद्द आवाज आला तर खाली पोकळी आहे. खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल आली आहे का, तेही विचारा. इथे खर्च क्लीनरवर नाही, सांधे आणि वॉटरप्रूफिंगवर करायचा.

सांधे खाल्ले गेले असतील तर

टाइलच्या पातळीपेक्षा खोल गेलेले, टोकदार काडीने भुरभुरणारे सांधे कितीही धुतले तरी काळे होणारच. पूर्वी बाथरूममध्ये सर्रास व्हाइट सिमेंट भरायचे. ते आकसतं, बारीक तडे जातात आणि पाणी पितं. शॉवरखाली इपॉक्सी ग्राउटच (राळेचा, सांधे भरायचा मसाला) भरा. त्यात सिमेंट नसतं, त्यामुळे पाणी आणि घरगुती ॲसिड त्यात मुरत नाही.

जुना सांधा ग्राउट काढायच्या पट्टीने किंवा छोट्या मशीनने टाइलच्या जाडीच्या दोन-तृतीयांश खोलीपर्यंत मोकळा करा. वरवर खरवडून भरलेलं इपॉक्सी वर्षभरात पापुद्र्यासारखं सुटतं. धूळ झटकून सांधे पूर्ण कोरडे करा, शक्यतो दोन दिवस बाथरूम बंद. ओल्या सांध्यावर इपॉक्सी धरत नाही, आणि कारागीर घाई करतात ते नेमकं इथे. एक फूट बाय एक फुटाची, ८ मिलिमीटर जाडीची टाइल आणि ३ मिलिमीटरचा सांधा असेल तर चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास माल लागतो. नऊ चौरस फुटांना एक किलोचा पॅक पुरून उरतो. राळ, हार्डनर आणि पावडर पॅकवरच्या प्रमाणातच मिसळा, अंदाजाने नाही. उन्हाळ्यात मिश्रण अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होतं, म्हणून थोडं-थोडं कालवा. टाइलवर उडालेलं लगेच ओल्या स्पंजने पुसा. दुसऱ्या दिवशी ते पुसून निघत नाही, आणि मग ‘नवीन डाग’ म्हणून तेच दिसतं. चोवीस तास पाणी बंद.

पाणी साचतंय का

अर्धी बादली पाणी ओता आणि वीस मिनिटांनी पाहा. जिथे डबकं राहतं तिथेच डाग आधी येतात. उतार मीटरला किमान एक सेंटीमीटर हवा, म्हणजे तीन फुटांत साधारण नऊ मिलिमीटर. जाळी टाइलच्या पातळीपेक्षा वर बसवलेली असेल तर तिच्याभोवती कायम ओलं कडं राहतं. जाळी काढून दोन मिलिमीटर खाली बसवणं हे तासाभराचं काम आहे. उतारच उलटा असेल तर टाइल उखडण्याशिवाय इलाज नाही, पण तोवर वायपर आहे.

वायपरबद्दल जरा आग्रहाने सांगायला हवं. शेवटची अंघोळ झाल्यावर फरशीवरून आणि भिंतीच्या खालच्या दोन फुटांवरून वायपर फिरवायला एक मिनिट लागतं. वरच्या हिशेबातला २०० मिलिलिटरचा कप २० वर आला तर वर्षाचा क्षार पावणेदोनशे ग्रॅमवरून वीसच्या आत येतो. कुठलंही क्लीनर एवढं करत नाही. त्यानंतर दार उघडं आणि पंखा अर्धा तास चालू. पावसाळ्यात पायपुसणं, ओले कपडे आणि शॅम्पूच्या बाटल्या फरशीवरून उचला, बाटलीखालचं कडं हाच बुरशीचा पहिला मुक्काम असतो.

आठवड्यातून एकदा सोड्याचं गरम पाणी आणि ब्रश, दहा मिनिटं. लिंबू सत्त्व महिन्यातून एकदा, पाणी फार जड असेल तर दोनदा, पाच टक्क्यांचं, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम. ब्लीच ठिपका दिसला तरच. साध्या साबणाऐवजी बॉडी वॉश वापरला तर मेणचट थर खूपच कमी होतो, कारण त्यातले बरेचसे घटक जड पाण्यातल्या कॅल्शियमशी असा चोथा करत नाहीत. सॉफ्टनर (पाणी मृदू करणारं यंत्र) बसवायचा असेल तर शॉवरला लावायचा छोटा डबा घेण्याआधी त्याची राळ (पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवणारे दाणे) मिठाने पुन्हा चार्ज करता येते का ते विचारा. तशी सोय नसेल तर जड पाण्यात तो काही आठवड्यांतच निकामी होतो.

टाइलच गेली असेल तर

थेंबाच्या चाचणीत टाइल पाणी पीत होती, आणि सोडा, ॲसिड, ब्लीच तिन्ही नीट करूनही वाळल्यावर तोच राखाडी चट्टा दिसतो, तर ग्लेझ गेलंय. ते परत आणणारं औषध नाही. टाइल पूर्ण वाळवून आत मुरणारं सीलर लावता येतं. डाग जात नाही, पण पुढे वाढायचा थांबतो. वर्ष-दोन वर्षांनी ते पुन्हा लावावं लागतं. चकचकीत पापुद्रा धरणारं कोटिंग शॉवरखाली नको, ते सोलतं आणि ओलं असताना पाय घसरतो.

खालचं वॉटरप्रूफिंग शाबूत असेल तर जुन्या टाइलवरच नवी टाइल पॉलिमरच्या ॲडहेसिव्हने चिकटवता येते. फरशी साधारण १२ मिलिमीटर वर येते, म्हणून दार, उंबरठा आणि जाळीची उंची आधी मोजा. भद्द आवाज येणाऱ्या टाइल्स असतील तर मात्र हा मार्ग नाही, त्या काढूनच काम करा. नवी टाइल निवडताना पाणी शोषण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत आहे का ते पेटीवर वाचा. बोटाला पकड देणारी पण खोल खळगे नसलेली मॅट टाइल घ्या, आणि सांध्यांना इपॉक्सी भरणार हे कारागिराशी काम ठरवतानाच बोलून ठेवा. नंतर सांगितलं तर तोवर व्हाइट सिमेंट भरून झालेलं असतं.